विरळ विणीचं दिव्य

पूर्वी बाईवर आळ आला की तिला उकळत्या तेलात हात घालायला लावत. तळाशी टाकलेलं नाणं काढून दाखवायचं. हात भाजला तर बाई खोटी, न भाजला तर खरी. याला दिव्य म्हणत. उकळत्या तेलात हात भाजतोच, हे जन्मात शेगडीपाशी न गेलेल्या पंचांनाही ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर ते दिव्य होतं.

आता कढई गेली, तेल गेलं. नाव तेवढं राहिलं.

सोलापूरच्या पत्रावस्तीत खांबावर जो डबा बसवला, त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव 'दिव्यदृष्टी'. एवढं लांबलचक नाव वस्तीत कुणाच्या तोंडात बसणार? महिन्याभरात 'दृष्टी' गळून पडली आणि नुसतं 'दिव्य' उरलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

डबा आला तो चांगल्या कामासाठी. वाईट गोष्टी नेहमी चांगल्या कामासाठीच येतात. उन्हाळे असे पेटले होते, की दुपारी पत्र्याखाली माणूस बेशुद्ध पडायचा आणि संध्याकाळी घरचे कामावरून परतले की त्यांना प्रेत सापडायचं. त्यावर हा उपाय. कॅमेरा नको, अंगावर पट्टा नको. डबा नुसत्या रेडिओलहरी सोडणार, भिंतींवरून, भांड्यांवरून, माणसांवरून परत येणारे पडसाद ऐकणार, आणि कोण कुठं आहे ते ओळखणार. कुणी आडवं पडलं आणि हललं नाही, की बोंब ठोकणार. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं सिद्रामच्या आईला वाचवलं. तेव्हापासून सिद्राम टॉवेलच्या गिरणीत जाता-येता खांबापुढं हात जोडायचा.

घरातलं कोण कुठं आहे, हे त्या घराच्या 'कुटुंबप्रमुखा'च्या फोनवर दिसायचं. आणि वस्ती मंडळाच्या फोनवर सगळंच. कुटुंबप्रमुख म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. ज्याला मिशा आहेत तो.

सिद्रामला मिशा होत्या. भाग्यश्रीला नव्हत्या. ती त्याची बायको. गोष्ट तिची आहे.

*

सिद्राम भर कामातून घरी आला तेव्हा भाग्यश्री भाकरी थापत होती. त्यांचं घर रांगेतलं शेवटचं, खांबापासून सगळ्यात लांब. एकच खोली. शेगडी ज्या भिंतीला, त्या भिंतीपलीकडं दौलत. दौलत रात्रभर बेकरीत पाव भाजायचा आणि दिवसभर खाटेवर मेल्यासारखा झोपायचा.

"सकाळपासून कुठं हुतीस?"

"इथंच की. जाऊ कुठं? का, काय झालं?"

"इथंच म्हणजे?"

"अहो, शेगडीपाशी. भाकरी काय आपोआप होत्यात का?"

सिद्रामनं फोन तिच्या तोंडापुढं धरला. रांगेचा नकाशा. शेवटच्या घरात तो एकटाच. शेजारच्या घरात, भिंतीला लागून, एक लाल ठिपका. ठिपक्यावर तिचं नाव. प्रत्येकाचा श्वास घेण्याचा ठेका वेगळा असतो. डबा त्यावरून माणूस ओळखतो, नावात चुकत नाही.

"हितं दौलतची खाट हाय," सिद्राम म्हणाला. "रोज. रोज सकाळी मी गेलो की तू त्याच्या खाटेवर."

भाग्यश्रीला आधी हसू आलं. तिची चूक झाली ती इथं. बायकोवर संशय घेणाऱ्या माणसापुढं रडावं, ओरडावं, भांडी आपटावीत. हसू नये. त्याला हसणं पुराव्यासारखं वाटतं.

"अहो, आत्ता मी तुमच्यापुढं उभी आहे ना? बघा की, आत्तासुद्धा तो ठिपका तिकडंच दाखवतोय!"

सिद्रामनं फोनकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग परत फोनकडं.

"ते मागचं असंल," तो म्हणाला आणि फोन खिशात घातला.

बस. एवढंच. डोळ्यांपुढची बाई आणि खिशातला ठिपका यांत त्यानं ठिपका निवडला. त्याच संध्याकाळी त्यानं मुक्ताला, पहिलीतल्या पोरीला, गाडीवर पुढं बसवलं आणि अक्कलकोटला थोरल्या वहिनीकडं नेऊन सोडलं. जाताना एवढंच बोलला, "मंडळ ठरवंल. तवर असल्या घरात पोरगी ठेवत न्हाई."

वस्ती मंडळाचा प्रमुख महादप्पा. सगळे त्याला अप्पा म्हणत. अप्पानं निरोप धाडला: रविवारी सकाळी बैठक. दिव्याची नोंद खरी ठरली, तर बाईनं घर सोडायचं आणि पोरगी बापाकडं राहील. कोर्टात जायचं तर खुशाल जावं. कोर्टही आता दिव्याची नोंद पुरावा म्हणून धरतं.

*

भाग्यश्रीचा धाकटा भाऊ श्रीशैल त्याच कंपनीत इंजिनिअर होता. वस्तीतले डबे त्यानंच बसवले होते. राहायचा विजापूर रोडच्या टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर. तिथंही भिंतीत डबा होता, पण त्याला तिथं कुणी दिव्य म्हणत नव्हतं. तिथं त्याला 'सिस्टिम' म्हणत.

"शैल्या, तुझं मशीन खोटं बोलतंय."

"मशीन खोटं बोलत नाही ताई. ते..." तो थांबला. "बस आधी. पाणी घे."

"पाणी राहू दे. बोल."

त्यानं दार लावून घेतलं. मग सांगितलं. इंजिनिअर लोक भिंतींना कान असल्यासारखे तेव्हाच बोलतात, जेव्हा ते खरं बोलणार असतात.

डब्याच्या आत एक चिप असते. तिच्यावर इवल्या इवल्या कॉइल आणि कपॅसिटर जाळीसारखे विणलेले. कॉइल म्हणजे जडशीळ गडी. हलायला तयार नसतो आणि एकदा हलला की थांबायला तयार नसतो. कपॅसिटर म्हणजे हौद. भरतो आणि पुढं रिकामा होतो. एक कॉइल, एक कपॅसिटर, परत कॉइल, परत कपॅसिटर, अशी साखळी केली आणि एका टोकाला विजेचा धक्का दिला, की तो धक्का हातोहात पुढं सरकत जातो. लाट होते. गंमत अशी, की या साखळीतली लाट आणि हवेतून जाणारी रेडिओची लाट, दोघींचं गणित एकच. हवा गल्लीएवढी, साखळी नखाएवढी, पण चाल तीच. जिथं खरी भिंत आहे, तिथं साखळीतल्या कपॅसिटरचं माप बदलायचं. जिथं माणूस आहे, तिथं अजून बदलायचं. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी, आणि पाणी लाटेला भलतंच अडवतं. डबा खऱ्या गल्लीत लाट सोडतो आणि चिपवरच्या गल्लीतही सोडतो. दोन्हींचे पडसाद जुळेपर्यंत तो चिपवरची मापं हलवत राहतो. जुळले, की चिपवर तुमची गल्ली तयार. माणसांसकट.

"मग बरोबरच की सगळं," भाग्यश्री म्हणाली. "मी दौलतच्या खाटेवर कशी गेले ते सांग."

"लहानपणी आपले अण्णा स्लॅबच्या कामावर जायचे, आठवतं? आपण त्यांचं जेवण घेऊन जायचो."

"आठवतं."

"माणसं रांगेत उभी राहायची. घमेलं या हातातून त्या हातात. माणसं खांद्याला खांदा लावून उभी असली, तर घमेलं पाण्यासारखं सरकायचं. पण मुकादमानं माणसं कमी आणली की?"

"की लांब लांब उभं राहायचे. फेकायचं, झेलायचं. उशीर व्हायचा."

"तेच. साखळीत कड्या दाट असल्या, तर चिपमधली लाट खऱ्या लाटेच्या वेगानं पळते. कड्या विरळ केल्या, की ती रेंगाळते. प्रत्येक कडीवर जरा जरा. डबा वेळेवरून अंतर काढतो. खरी लाट खांबापासून तुझ्या शेगडीपर्यंत येऊन परत जाते, तेवढ्या वेळात चिपमधली आळशी लाट दौलतच्या खाटेपर्यंतच पोचते. मग डबा म्हणतो, पडसाद आला तो इथूनच. म्हणजे ती इथंच आहे."

"आणि बाकीच्यांचं?"

"खांबाजवळच्या घरात फरक वीतभर पडतो, मधल्या घरांत हातभर. माणूस घरातल्या घरात सरकतो, कुणाला कळत नाही. तुझं घर शेवटचं. त्यात शेगडी अगदी भिंतीला. तू एक भिंत ओलांडतेस."

भाग्यश्रीनं मनातल्या मनात खांबापासून घरं मोजली. मग तिनं त्याच्या भिंतीतल्या डब्याकडं बोट केलं.

"याची वीण कशी आहे?"

श्रीशैलनं पाण्याचा पेला तिच्याकडं सरकवला.

"दाट ना?"

"ताई, वस्तीच्या योजनेत दाट चिप बसत नव्हती. आणि पडलेला माणूस शोधायला विरळ पुरते. कुठल्या घरात पडला ते नेमकं नाही कळलं, तरी गल्ली कळते. माणूस वाचतो."

"वाचतो. आणि बाई मरते." ती उठली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"टेस्टिंगलाच दिसलं होतं. पण तेव्हा कुणी बायका शोधायला ते वापरेल असं..."

"वाटलं नव्हतं. तुम्हा लोकांना कधीच वाटत नाही. रविवारी ये, आणि हेच, असंच, घमेल्यासकट अप्पापुढं सांग. माझी पोरगी जातेय, शैल्या."

"येतो," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता म्हणाला.

*

बैठक भाग्यश्रीनं स्वतःच्या घरात बोलावली. अप्पाला ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारण सुचेना. अप्पा आला, मंडळाचे चौघे आले, सिद्राम आला. दौलत आला तो अजून झोपेतच, केसांत मैदा. सगळे शेगडीसमोरच्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. श्रीशैल दारातल्या खुर्चीवर बसला, कंपनीचा शर्ट घालून. तो शर्ट बघितला तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

अप्पानं मांडीवर मंडळाचा मोठा टॅब ठेवला आणि सुरुवात केली. "दौलत, तू बोल. ही बाई तुझ्याकडं येती का?"

"अप्पा, मी झोपलो की माझी मला शुद्ध नसती, हिची कुठनं असणार? घरात हत्ती येऊन गेला तरी मला कळत न्हाई."

"म्हंजे न्हाई असं म्हणत न्हाईस."

"अरे देवा! न्हाई! न्हाई म्हणतोय की!"

"आधी हत्ती म्हणलास," अप्पा म्हणाला. मंडळातला एकजण खी खी हसला.

मग श्रीशैलची पाळी. "साहेब, तुमी कंपनीचे. बहिणीची भीड धरू नका. यंत्र चुकतं का?"

भाग्यश्री भावाकडं बघत होती. त्यानं घसा साफ केला.

"यंत्रात चूक होण्याची शक्यता नगण्य आहे," तो म्हणाला. "कंपनीची अधिकृत भूमिका तीच आहे."

"आणि तुझी रे?" भाग्यश्रीनं विचारलं.

"ताई, मी इथं कंपनीतर्फे आलोय."

भाग्यश्री उठली. पदर खोचला, शेगडी पेटवली, परातीत पीठ घेतलं.

"हे काय चाललंय?" अप्पा म्हणाला.

"भाकरी. तुमी टॅब बघा. दौलतभाऊजी इथं बसलेत, त्यांचं घर रिकामं आहे. बघा तिकडं कोण दिसतंय."

पीठ मळून तिनं गोळा केला, थापायला घेतला. थप, थप, थप. अप्पानं टॅबकडं बघितलं. मंडळाच्या चौघांनी माना वाकवल्या. सिद्राम गुडघ्यावर पुढं सरकला. टॅबवर शेवटच्या घरात सगळ्यांचे ठिपके होते, समोरच्या भिंतीपासून दोन हात सुटलेले, जरा दाटीवाटीनं. आणि दौलतच्या रिकाम्या घरात, खाटेवर, एक लाल ठिपका. भाग्यश्री.

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? पण शहाणा माणूस तिथं कुणी नव्हता. तिथं पंच होते.

अप्पानं टॅब खाली ठेवला. चेहऱ्यावर एक शांत तेज आलं, जसं न समजणाऱ्या गोष्टीवर निकाल देताना पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं.

"बघितलं?" तो म्हणाला. "आत्तासुद्धा."

"आत्तासुद्धा काय? अप्पा, मी तुमच्यापुढं भाकरी थापतेय!"

"अंग हितं हाय. मन तिकडं हाय. नुसतं यंत्र असतं तर अंग दाखवलं असतं. हे दिव्य हाय, बाई. दिव्य मन बघतंय."

मंडळानं माना डोलावल्या. सिद्रामनं हात जोडले. दौलत म्हणाला, "आयला," आणि मैद्याचे केस खाजवले.

भाग्यश्रीनं भावाकडं शेवटचं बघितलं. कॉइल, कपॅसिटर, घमेलं, सगळं डोक्यात असलेला तो माणूस. दिव्य मन बघतं हे ऐकून त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण तोंड उघडलं नाही. अडाणी पंचाचा राग येतो. पण घाण येते ती याची. अप्पाला माहीत नव्हतं. याला माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली. थापता थापता म्हणाली. "शैल्या, एवढं तरी खरं सांग. ही आत्ताची नोंद झाली?"

"होते. सतत होते."

"पुसता येते?"

"नाही. कुणालाच नाही."

"आणि कोर्टात हीच धरतात?"

"हो."

"म्हणजे या घडीला मी कायद्यानं दौलतच्या घरात आहे. अप्पा, तुमचं पण हेच म्हणणं?"

"दिव्याचं म्हणणं तेच माझं म्हणणं."

"आणि तुमचं हो?" तिनं नवऱ्याला विचारलं. "जवळ या. माझ्याकडं बघून सांगा. मी कुठं आहे?"

सिद्राम उठून शेगडीपाशी आला. छाती काढून, चौघांना दिसेल असा उभा राहिला. "तिकडं," तो म्हणाला. "तू तिकडं हायस."

भाग्यश्रीनं त्याच्या थोबाडीत मारली.

भाकरी थापून थापून कमावलेला तो हात होता. आवाज गल्लीपर्यंत गेला. सिद्रामच्या गालावर पिठाची पाच बोटं उमटली, ओली, पांढरी, अंगठ्यासकट.

"मारलं!" सिद्राम ओरडला. "हिनं मला मारलं! अप्पा, बघितलं ना?"

"कुणी मारलं?" भाग्यश्रीनं विचारलं.

"कुणी म्हंजे? तू!"

"मी तर तिकडं आहे."

सिद्रामचं बोट तिच्याकडं रोखलेलंच राहिलं.

"बोल ना. टॅबवर बघ. अप्पा, दाखवा त्याला. या घरात मी नाहीच. नोंद पुसता येत नाही, कोर्टात हीच धरतात. मी दौलतच्या खाटेवर बसलेय. मग तुला मारलं कुणी? माझ्या मनानं?" आजवर 'अहो'शिवाय न बोललेली बाई एका दमात 'तू'वर आली होती, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. "अजून एक देऊ का? दिवसभर देईन. पोलिसात जा. जाऊन सांग, बायकोनं मारलं. ते विचारतील, बायको कुठं होती?"

दौलत हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. "अप्पा, न्याय करा की! फिर्यादी हितं, आरोपी माझ्या खाटेवर!"

"गप बे!" अप्पा म्हणाला, पण टॅब त्यानं उलटा करून ठेवला होता.

"दोनातलं एक बोल, सिद्राम," भाग्यश्री म्हणाली. "तुला मी मारलं असेल, तर मी या घरात आहे, रोज या घरात होते, आणि तुझं दिव्य खोटं आहे. दिव्य खरं असेल, तर तुला कुणी मारलेलं नाही. गाल पूस आणि बस खाली."

सिद्रामनं अप्पाकडं बघितलं. अप्पानं छताकडं बघितलं. पुरुषाला बायकोनं मारलं आणि ते मारलंच नाही असं धरून चालायचं, हे सिद्रामच्यानं गिळवेना. अब्रू त्याला खरी. सत्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण कधी कधी अब्रूसाठी ओरडतानाही माणसाच्या तोंडून खरं निघून जातं.

"हिनंच मारलं!" तो किंचाळला. "हितं, ह्या जागी उभी राहून मारलं! आंधळे हायसा का रे सगळे?"

"झालं तर," भाग्यश्री म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली. "जा, माझी पोरगी घेऊन ये."

*

सिद्राम गेला. गाल न पुसता गेला. रागाच्या भरात पुसायचं राहिलं असेल. अक्कलकोटपर्यंत रस्त्यावरच्या लोकांनी काय बघितलं असेल ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी मुक्ता घरी आली आणि तिनं पहिल्यांदा विचारलं, "आई, बाबांच्या तोंडावर हात कुणाचा?"

"माझा," भाग्यश्री म्हणाली.

श्रीशैल दारात घुटमळत राहिला होता. म्हणाला, "ताई, मी बोलणारच होतो." ती म्हणाली, "भाऊबीजेला येऊ नकोस. तुझी भूमिका पाठव कंपनीतर्फे. तिला ओवाळीन."

मंडळानं माफी मागितली नाही. मंडळं माफी मागत नसतात. 'शेवटच्या घरापुरतं दिव्य जरा नरम हाय', एवढं अप्पानं जाहीर केलं. बाकीच्या रांगेसाठी ते कडकच राहिलं. कंपनीकडं तक्रार गेली तेव्हा दाट विणीची चिप आली नाही. उत्तर आलं: सदर रहिवाशांनी शेगडी समोरच्या भिंतीला हलवावी.

भाग्यश्रीनं शेगडी हलवली नाही.

ती रोज सकाळी त्याच भिंतीला भाकरी थापते. रोज फोनवर ती दौलतच्या खाटेवर असते. सिद्राम जेवायला बसतो, ताट पुढं ओढतो, शेंगाचटणी घेतो. फोन पालथा घालून ठेवतो. भाकरी कुठं थापली, ते विचारत नाही.